पंचवीसचे बावन्न

मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतो आणि वीस मागून. लहानपणी आकडे लिहायला शिकताना सगळेच एकदा तरी यात फसतात आणि मग विसरून जातात. मी फसले ते पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षात. आमचा सीनियर पलीकडच्या टेबलावरून न बघताच म्हणाला, "पंचवीसला ठेव गं." माझं अर्धं लक्ष वहीत होतं. बोटांनी कानावर पडलं त्याच क्रमाने आकडे दाबले, आधी पाच, मग दोन. हॉट स्टेजच्या, म्हणजे मायक्रोस्कोपखालचा नमुना ठरल्या तापमानाला ठेवणाऱ्या उपकरणाच्या, डबीवर ५२ उमटलं असणार. मी ते वाचलं नाही. प्रिंटआउट आणायला खाली गेले, तिथे कुणीतरी भेटलं, बोलण्यात सव्वा तास गेला.

परत आले तर मॉनिटर काळाठिक्कर. पहिला विचार हाच, की मायक्रोस्कोपचा दिवा गेला. वाकून पाहिलं तर दिवा चालू होता, पंख्याची ती बारीक घरघरही चालू होती. मग अ‍ॅनालायझर, म्हणजे मायक्रोस्कोपमधली प्रकाश गाळणारी काच, बाजूला सरकवला, साध्या प्रकाशात पडद्यावर राखाडी उजेड आला, आणि दिसलं ते असं: सकाळपर्यंत ८७ मणी जिथे एकमेकांपासून सारखं अंतर राखून बसले होते, तिथे मधोमध एक सैलसर ढीग होता. गाळणीत तळाशी काहीतरी साचावं तसा. त्या क्षणी मला वाईट वाटलं ते दोन दिवसांचं काम गेलं म्हणून, एवढंच. दुसरं काहीतरी टोचत होतं, पण ते काय आहे हे कळायला बरीच वर्षं लागली.

ते मणी म्हणजे सिलिकाचे गोळे, पाच मायक्रॉन व्यासाचे, केसाच्या जाडीच्या दहाव्या-विसाव्या भागाएवढे. बाटलीत ते नुसती पांढरी पूड दिसतात. त्यांना आधी सिलेन नावाच्या रसायनाचा लेप द्यायचा, धुवायचे, वाळवायचे, परत धुवायचे. मग काचेवरच्या एका उथळ खळग्यात द्रवस्फटिकाचा पातळ थर ओतायचा आणि सुईच्या टोकावर चिमूटभराच्याही चिमूटभर पूड घेऊन वरून हलकेच झटकायची. जोरात झटकली तर गुठळ्या पडतात. श्वास जोरात सोडला तरी पूड भलतीकडे जाते, त्यामुळे आम्ही सगळे ते काम करताना नकळत श्वास धरायचो आणि झाल्यावर एकदम सोडायचो. सुरुवातीला मणी कसेही पडलेले असतात. मग ते सरकायला लागतात. इतके हळू, की बघत बसलं तर हलतच नाहीत असं वाटतं, आणि हातातलं दुसरं काम उरकून परत डोकावलं की सगळ्यांनी जागा बदललेल्या असतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत प्रत्येकाभोवती सहा जण, साधारण चार-चार व्यासांचं अंतर, मधमाशांनी आखून दिल्यासारखी षटकोनी जाळी. क्रॉस्ड पोलरायझरमधून, म्हणजे प्रकाश गाळणाऱ्या दोन काचा एकमेकींना काटकोनात ठेवून, पाहिलं तर काळ्या पार्श्वभूमीवर प्रत्येक मणी म्हणजे चार उजळ पाकळ्यांचं एक फूल, पाकळ्यांच्या मधून काळी फुली गेलेली.

आणि कुणीही कुणाला शिवलेलं नाही.

याचं मला फार नवल वाटायचं. कारण पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तू एरवी एकमेकींना बिलगतात. हौदात पडलेली वाळकी पानं थोड्या वेळाने एका कोपऱ्यात गोळा झालेली असतात, बुडबुडे भांड्याच्या काठाला जाऊन चिकटतात. प्रत्येक वस्तू आपल्याभोवतीचा पृष्ठभाग जरासा वाकवते आणि दोन वाक एकमेकांत मिसळले की दोघी जवळ येतात. त्यात इतके लहान कण एकदा आंतरपृष्ठावर, म्हणजे द्रव आणि हवा जिथे भेटतात त्या सीमेवर, अडकले की तिथून हलत नाहीत. कणाने जेवढी जागा अडवली तेवढा द्रव-हवेचा पृष्ठभाग वाचतो, आणि तो वाचवलेला खर्च उष्णतेच्या धडपडीपेक्षा लाखो पटींनी मोठा असतो. १९०३ साली रॅम्सडेनच्या आणि १९०७ साली पिकरिंगच्या लक्षात आलं होतं, की तेल-पाण्याच्या सीमेवर अशी पूड जमली की तेलाचे थेंब एकमेकांत मिसळत नाहीत, कणांचं कवच त्यांना आवरून धरतं. मग १९८० मध्ये पिएरान्स्कीने पाण्याच्या पृष्ठावर पॉलिस्टायरीनच्या गोळ्यांची सुबक जाळी दाखवली. पण तिथे पाण्यातल्या विद्युतभारांमुळे गोळे एकमेकांना दूर सारत होते. आमच्या खळग्यात पाण्याचा टिपूस नव्हता. आमचे मणी दूर राहत होते ते द्रवामुळे, म्हणजे त्या द्रवाच्या वळणामुळे.

द्रवस्फटिक हा शब्द मला अजूनही थोडा खोटा वाटतो, थंड आग म्हटल्यासारखा. १८८८ साली प्रागमधल्या राइनित्सर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला एक पदार्थ दोनदा वितळताना दिसला. कोलेस्टेरिल बेंझोएट. १४५.५ अंशांना तो वितळून दुधट झाला आणि १७८.५ अंशांना परत एकदा 'वितळून' पारदर्शक झाला. माझ्यासारखीने नमुना अशुद्ध आहे असं लिहून बाटली बेसिनमध्ये रिकामी केली असती. त्याने ओटो लेमान या स्फटिकवाल्याला पत्र लिहिलं, नमुने पाठवले. आमचा द्रव मात्र खूप नंतरचा, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेला, सगळे त्याला नुसतं फाइव्ह-सीबी म्हणतात. खोलीच्या तापमानाला बाटलीत तो गढूळ, दुधट. बाटली कोमट पाण्यात धरली, ३५ अंश ओलांडले, की एका झटक्यात स्वच्छ. हात बाहेर काढा, परत गढूळ. नवीन आलेल्या प्रत्येकाला आम्ही हे करून दाखवायचो आणि प्रत्येक जण ते तीन-चार वेळा तरी करून बघायचा.

गढूळपणात काय असतं? रेणू काडीसारखे लांबट. गढूळ अवस्थेत त्या काड्या वाहतात, एकमेकींवरून घसरतात, पण तोंडं साधारण एका दिशेला ठेवून. फ्रीडेलने १९२२ मध्ये या अवस्थेला नेमॅटिक म्हटलं, ग्रीकमध्ये नेमा म्हणजे धागा, कारण मायक्रोस्कोपखाली त्याला द्रवात वळवळते धागे दिसत. काड्यांची दिशा जिथे ठरत नाही अशा जागांचे ते धागे. लॅपटॉपच्या पडद्यावर बोट दाबलं की रंगांचा एक ढग उठतो आणि बोट काढलं की विरतो, तिथेही अशाच काड्या बिचाऱ्या घटकाभर वाकड्या होतात.

आता या काड्यांच्या गर्दीत एक गोळा ठेवा. सिलेनचा लेप असल्याने काड्या त्याच्या अंगावर काट्यांसारख्या उभ्या राहतात, वर, खाली, आजूबाजूला, सगळीकडे बाहेर तोंड करून. पण थोडं लांब गेलं की सगळ्या काड्यांना एकाच दिशेला, आमच्या थरात सरळ उभं, राहायचं असतं. दोन्ही जमणार कसं? हे मला कुठल्याही समीकरणाआधी समजलं होतं, असं आता वाटतं. शाळेत जाण्याआधी आई माझे केस विंचरायची. डाव्या बाजूला भांग पाडायचा तिचा हट्ट आणि माथ्यावर माझा भोवरा. तेल लावून, पाणी लावून, कंगवा दाबून ती ते केस बसवायची, आणि एका जागी बसले की दुसरीकडून उठायचे. "हा भोवरा काही जायचा नाही," असं ती रोज म्हणायची आणि रोज परत प्रयत्न करायची. गोळ्याभोवती हेच होतं. कंगवा कसाही फिरवा, एक जागा अशी उरतेच जिथे काडीला कुठे तोंड करावं कळत नाही. तो बिंदू गोळ्याला सोडून जात नाही, थोडं अंतर ठेवून त्याच्या शेजारी राहतो. शास्त्रीय भाषेत तो दोष, डिफेक्ट. मला हा शब्द कधीच पटला नाही, त्या बिचाऱ्या बिंदूमुळेच बाकीचं सगळं नीट बसतं. कधीकधी बिंदूऐवजी गोळ्याच्या कमरेभोवती कडं तयार होतं, शनीसारखं, आणि त्याला नावही शनीचं कडं असंच आहे.

भोवरा आला की गोळ्याला एक पुढची आणि एक मागची बाजू येते. मूळचा गोळा सगळीकडून सारखाच, सिलिकाला काय पुढे आणि काय मागे. पण बिंदू ज्या बाजूला, ती त्याची बाजू. मग दोन गोळे एकमेकांना ओळखायला लागतात. एकामागे एक उभे असले तर ओढ, शेजारी शेजारी एकाच दिशेला तोंड करून असले तर दूर सारणं. १९९७ मध्ये पूलँ, श्टार्क, लुबेन्स्की आणि वाइट्झ यांनी नेमॅटिकमध्ये पाण्याचे थेंब टाकले तेव्हा थेंबांनी आगगाडीसारखी रांग धरली, दर दोन थेंबांच्या मधे एक भोवरा, त्यामुळे रांगेत असूनही एकमेकांत मिसळत नाहीत. या ओढाताणीची ताकद उष्णतेच्या थरथरीच्या हजारो पट असते. साध्या पाण्यात कण सतत थरथरतात, भरकटतात. नेमॅटिकमध्ये ते जागच्या जागी कंप पावतात, रस्ता ठाऊक असल्यासारखे.

पृष्ठभागावर हे आणखी मजेशीर होतं. फाइव्ह-सीबीच्या काड्या हवेला लागून उभ्या राहतात, आमच्या काचेवरही उभ्याच. मणी अडकलेला वर, त्याच्या टाळूचा एवढासा भाग हवेत, बाकी सगळा द्रवात. त्यामुळे भोवऱ्याला जागा एकच, मण्याच्या खाली. सगळ्यांचे भोवरे खाली म्हणजे सगळे एकाच दिशेला तोंड करून शेजारी शेजारी, म्हणजे प्रत्येक जण दुसऱ्याला ढकलणार. २००४ मध्ये ग्लिसरॉलच्या थेंबांनी नेमॅटिकच्या पृष्ठावर अशीच षटकोनी जाळी धरल्याचं छापून आलं. २०११ मध्ये फ्रान्समधल्या एका गटाने आमच्यासारखेच सिलिकाचे मणी लेझरच्या चिमट्यात पकडून, जवळ आणून, सोडून, ते किती जोराने पांगतात ते मोजलं. ढकलण्याचं असं, पण मग ते पार काठापर्यंत पांगून का जात नाहीत? खळग्यातला द्रव काठाला जरा वर चढलेला असतो, मध्ये खोलगट. मणी द्रवापेक्षा दुप्पट जड. तेव्हा प्रत्येक जण उतारावर उभा, वजन त्याला मध्याकडे ओढतंय आणि शेजारी त्याला बाहेर सारतायत. ती सुबक जाळी म्हणजे या दोन खेचाखेचींच्या मधे सापडलेली जागा.

हे मला तेव्हा पाठ होतं. लिहून दाखवलं असतं, फळ्यावर काढून दाखवलं असतं. तरी ५२ अंशांच्या त्या ढिगाकडे बघताना मी पहिलं वाक्य काय म्हणावं? "मणी खराब झाले." सीनियर उठून आला. रागावला नाही, त्याने डबीवरचा आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि नुसतं विचारलं, "मणी तेच आहेत ना?"

मणी तेच होते. लेप तोच. द्रवसुद्धा तोच, एक रेणू इकडचा तिकडे झाला नव्हता. फक्त ३५ अंशांच्या वर काड्यांनी एका दिशेला तोंड करणं सोडलं होतं. दिशाच नाही म्हटल्यावर भोवरा नाही, भोवरा नाही म्हटल्यावर पुढची-मागची बाजू नाही, ढकलणं नाही. उरला फक्त उतार. मणी त्यावरून घसरत मध्ये आले आणि एकमेकांवर टेकले. आणि पडदा काळा का, तेही त्याच कारणाने: पाकळ्या मण्यांच्या नव्हत्याच, त्या मण्याभोवती वाकलेल्या काड्यांच्या होत्या.

माझ्या प्रबंधाच्या एका प्रकरणाचं शीर्षक होतं, आंतरपृष्ठावरील कलिली कणांचे वर्तन. म्हणजे इंग्रजीत होतं, पण अर्थ तोच; कलिली कण म्हणजे माझ्या मण्यांसारखे बारीक कण. या विषयातल्या निम्म्या निबंधांचं शीर्षक असंच असतं, त्यात माझं काही खास नाही. पण तो ढीग पाहिल्यापासून मला ते खटकायला लागलं, शाळेत बाई व्याकरणाच्या तासाला विचारायच्या तसं: वाक्यातला कर्ता कोण? आपण म्हणतो कण आकर्षित होतात, कण रांग धरतात, कण अंतर राखतात. मीही वर तेच लिहिलंय, दुसरं लिहिता येत नाही. खरं तर कण काहीच करत नाहीत. ते नुसते असतात, गोल आणि गुळगुळीत. त्यांच्या असण्याने द्रवाची अडचण होते आणि द्रव ती अडचण कमीत कमी खर्चात निस्तरतो. हेच मणी पाण्याला लागून असलेल्या नेमॅटिकच्या पृष्ठावर ठेवले तर तिथे काड्या आडव्या झोपलेल्या असतात, आणि मणी एकमेकांमागे साखळ्या धरतात. त्या पाण्यात साबणासारखं काही थोडं मिसळलं की काड्या उठून उभ्या राहतात आणि साखळ्यांना काही अर्थ उरत नाही. मण्याला यातलं काही सांगितलेलं नसतं.

माणसांशी तुलना करायचा मोह इथे फार होतो. मी एकदा केलीही होती, एका मैत्रिणीला रात्री उशिरा फोनवर, आणि तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तुझ्या वागण्याचा दोष आमच्यावर?" त्यानंतर केली नाही. शिवाय ती तुलना खोटी आहे. माणसाला आठवतं. मण्याला आठवत नाही, असं मी तेव्हा म्हणत होते.

सीनियरने आकडा २५ केला आणि स्टूल ओढून बसला. मीही बसले. हॉट स्टेज थंड व्हायला वेळ घेते, त्यात त्याने अ‍ॅनालायझर परत आत सरकवला, त्यामुळे आम्ही दोघं काळ्या पडद्याकडे बघत होतो. ३५ च्या जरा खाली पहिले उजळ ठिपके फुटले, नेमॅटिकचे थेंब. ते वाढले, एकमेकांत मिसळले, मिसळताना मधे धागे अडकले, ते फ्रीडेलचे धागे, ताणलेल्या रबरासारखे आखडत गेले आणि विझले. थेंबांच्या कडा सरकताना दोन-चार मण्यांना पुढे ढकलत होत्या. मग पार्श्वभूमी परत काळी झाली, पण या वेळी तो काळेपणा वेगळा होता, कारण त्यात एकेक करून फुलं उमटायला लागली. ढिगाच्या कडेचे मणी आधी. त्यांना खाली भोवरे फुटले असणार, आणि काही मिनिटांत ते ढिगापासून सुटून उताराच्या वर निघाले, अगदी सावकाश. सीनियर म्हणाला, "बघ, चढतायत." मग त्याला उशीर झाला म्हणून तो गेला. मी थांबले.

रात्री साडेनऊपर्यंत बाहेरच्या दोन-तीन ओळी परत आखल्यासारख्या बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आणखी. पण मधला गठ्ठा सुटला नाही. उष्णतेत जे मणी खरोखर अंगाला अंग टेकून बसले होते ते तसेच राहिले. इतक्या जवळ आल्यावर वेगळीच ओढ लागते, रेणूरेणूंमधली, आणि भोवरा तिथे काही करू शकत नाही. मोजले, तेवीस होते. शिवाय गठ्ठ्यापासून लांब, जाळीच्या डाव्या बाजूला, एक जोडी. दोनच मणी, चिकटलेले. बाकीच्यांनी त्यांना जाळीत घेतलं होतं, पण जरा जास्त जागा सोडून, त्यामुळे तिथे ओळी वाकल्या होत्या आणि जवळच्या एका मण्याला सहाऐवजी पाचच शेजारी मिळाले होते. ती जोडी मी पुढे आठवडाभर रोज बघत होते. ती तशीच होती. आकडा २५ होता, द्रव होता तसा झाला होता, काड्या उभ्या होत्या, आणि सव्वा तासात काय झालं ते त्या दोन मण्यांवरून कुणालाही सांगता आलं असतं.

प्रबंधात आधीचा फोटो गेला, ८७ मण्यांचा. शीर्षक तेच राहिलं. जोडीचा फोटो मी "चुकलेले" नावाच्या फोल्डरमध्ये टाकला होता, तो परवा हार्ड डिस्क आवरताना सापडला. वहीसुद्धा आहे. त्या तारखेच्या पानावर तापमानापुढे मी आधी २५ लिहिलंय, न बघता, जे ऐकलं ते. त्यावर काट मारून शेजारी ५२, आणि खाली सीनियरच्या अक्षरात, पेन्सिलीने, ढीग किती वाजता दिसला ती वेळ.